लाल झालेला मणी

"सर, एक मणी लाल झालाय!"

हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून मी वर्षानुवर्षं खपले होते. वाळूएवढे हजारो मणी, प्रत्येकावर वेगळा रेणू चढवलेला. सगळे एकत्र एका बशीत, कीटकनाशकाच्या द्रावणात सोडायचे. जो रेणू ते विष पकडून तोडेल, त्याचा मणी लाल होणार. मग तो सुईने उचलून तपासायचा. कारण कोणत्या मण्यावर काय आहे, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं.

धारवाडकर सरांनी बशी उजेडात धरली आणि ते हसले.

"अगं, परवा खंडेनवमीला तुम्ही पोरींनी अख्ख्या प्रयोगशाळेला हळदकुंकू वाहिलंत. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना? तुझं द्रावणही साबणासारखंच. घरी आईला विचार, ती सांगेल."

बाकीचेही हसले. मी तोंड उघडेपर्यंत सरांनी बशी बेसिनमध्ये उपडी केली होती आणि वरून नळ सोडला होता.

"सर, ही बशी मी पूजेत ठेवलीच नव्हती. हळद उडेल म्हणून आदल्या दिवशीच कपाटात कुलपात ठेवली होती."

हसणं थांबलं. सरांनी बेसिनच्या जाळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" ते म्हणाले, आणि हात पुसायला त्यांनी माझाच नॅपकिन मागितला.