पेटी परत मिळाली

"मिळाली," फोन ठेवत धैर्यशील म्हणाला.

मृणालने गॅस बंद केला. "कुठे?"

"शहराबाहेर, बख्शी का तालाबला. एका कबाडीवाल्याकडे. पोलिसांनी ओळख पटवायला बोलावलंय."

गाडी मृणालनेच चालवली.

धैर्यशील मूळचा साताऱ्याचा, नोकरीसाठी उत्तरेत आलेला. कारखान्यातल्या पाइपांचे जोड आतून पक्के आहेत की नाहीत, हे फोटो काढून तपासायचं त्याचं काम. त्यासाठीची पिवळी पेटी उचलायला जड, कारण आत भोवती जाड धातूचं कवच आणि मधोमध किरणं सोडणारा एक कण, जेमतेम हरभऱ्याएवढा. साइटवरची माणसं त्याला सोर्स म्हणतात. तो पेटीत असेपर्यंत भीती नाही. पण बाहेर काढून कुणी नुसता खिशात ठेवला, तरी मांडी जळते, माणूस हातचा जातो.

साइटवरून परतताना धैर्यशील विकास नगरला घरी जेवायला थांबला, आणि तेवढ्यात खाली उभ्या गाडीची काच फोडून कुणीतरी पेटी नेली. कंपनीने त्याला घरी बसवलं. पोलिसांनी त्यालाच उलटसुलट प्रश्न विचारले. त्याला मात्र नोकरीचं काही वाटत नव्हतं. जेवताना घास हातातच राहायचा. "कुणी उघडली नसेल ना गं?" एवढंच विचारायचा.

कबाडीवाला जगदीश दुकानाबाहेर हात जोडून उभा होता. पोलिसांनी दोरी बांधून लोकांना लांब ठेवलं होतं. पलीकडे भंगाराच्या ढिगाशेजारी पिवळी पेटी दिसत होती. बंद.

"अखबार में फोटो देखी, तो सीधे थाने फोन किया," जगदीश म्हणाला. "कोई ठेलेवाला बेच गया था. हमने खोली नहीं, मैडम. जैसी आई, वैसी रखी है."

"भैया, आपने हमारा घर बचा लिया," मृणाल म्हणाली.

जगदीशच्या बायकोने तिला खाटेवर बसवलं, चहा दिला. थंडी मी म्हणत होती आणि त्या बाईच्या अंगावर नुसता पदर. मृणालने आपली शाल काढून तिच्या खांद्यावर घातली.

"अरे नहीं, दीदी."

"रख लीजिए. मुझे अच्छा लगेगा."

ती बाई लाजून हसली. किती दिवसांनी आपणही हसतोय, हे मृणालच्या लक्षात आलं. कोण कुठली माणसं, एक फोन केला नसता तर यांना कुणी विचारलंही नसतं.

धैर्यशील मीटर घेऊन दोरीपलीकडे गेला. किरणं असली की तो मीटर टिकटिकतो, हे मृणालला ठाऊक होतं. ती कान देऊन ऐकत राहिली. त्याने मीटर पेटीच्या अगदी जवळ धरला. आवाज नाही. पेटीला टेकवला. तरी नाही.

"देवा, तुझे उपकार," ती पुटपुटली.

"सब ठीक?" इन्स्पेक्टरने लांबून विचारलं. मीटरची शांतता त्यालाही पुरेशी वाटली असावी. उत्तराची वाट न बघता त्याने जगदीशची पाठ थोपटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

धैर्यशीलने मीटरमधले सेल काढले, पुन्हा घातले, आणि पेटीपुढे गुडघे टेकले. तो नमस्कार करतोय असं वाटून मृणालचे डोळे भरून आले. चहाचा कप ठेवून ती दोरीपाशी गेली.

"धैर्य, चल ना. त्यांचे आभार तरी मान."

त्याने मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं? मीटर तर गप्प आहे."

"सोर्स आत असता," तो म्हणाला, "तर बंद पेटीजवळसुद्धा मीटर थोडा तरी बोलला असता."