संत रोको खिडकीखाली थांबले

बाबांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकलेत, हे नुन्झियाने त्यांना कळू दिलं नव्हतं. ‘साधा खोकला आहे’ म्हणाली होती. रडली ती फक्त शेजारच्या कार्मेलामावशीपाशी, म्हणजे अख्ख्या गावापाशी!

आज संत रोकोची मिरवणूक वाजतगाजत आली आणि नेमकी त्यांच्याच खिडकीखाली थांबली. “पुढे चला ना!” नुन्झिया हातवारे करत ओरडली, पण बँडपुढे कोण ऐकतंय! खांदेकऱ्यांनी मूर्तीचं तोंड खिडकीकडे वळवलं.

“इथेच का थांबले हो, आजोबा?” त्यांच्याकडे उतरलेल्या पर्यटक मुलीने विचारलं.

चाळीस वर्षं मूर्तीला खांदा दिलेले बाबा हौसेने सांगू लागले, “अगं, ज्या घरातलं माणूस डॉक्टरांच्या हाताबाहेर गेलेलं असतं ना, तिथेच...”

ते थबकले. घाबरून त्यांनी नुन्झियाचा हात घट्ट धरला.

“पोरी, काय झालंय गं तुला?”