सांगलीत आलेली हळद

डोळे पिवळे झाले, पण सोनोग्राफीत काहीच सापडेना. दिगंबररावांनी मनातल्या मनात कॅन्सर ठरवूनच टाकला होता.

"नेहमीच्या औषधांखेरीज आणखी काही घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," ते घाईघाईनं म्हणाले.

"खोटं कशाला बोलता?" शेजारी बसलेल्या शैलाताईंना राहवेना. "गुडघ्यांची सूज उतरावी म्हणून कल्याणीनं, आमच्या लेकीनं, कॅनडाहून हळदीच्या कॅप्सूल पाठवल्यात. रोज घेतात."

"सांगलीत हळद कॅनडाहून?" डॉक्टरांना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. "हा अर्क फार तीव्र असतो. एखाद्याच्या यकृताला सोसत नाही. आजपासून बंद करा, मग रक्त पुन्हा तपासू."

हळूहळू डोळे निवळले. नवा रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी मान डोलावली. "कारण तेच होतं. आता काळजी नको."

"आणि वरणातली हळद?" दिगंबररावांनी भीत भीत विचारलं.

"खुशाल खा. वर चमचाभर तूपही चालेल."

घरी येताच त्यांनी लेकीला फोन लावला. ऐकून ती रडायलाच लागली. "बाबा, डॉक्टरांना आधीच का नाही सांगितलंत?"

"तू एवढ्या मायेनं पाठवलंस. तुला दोष लागला असता."

"आता काय पाठवू?"

"काही नको. तूच ये. गुडघ्यांना चोळायला तेल आहे घरात, माणूस नाही."

"मग मी कोण?" स्वयंपाकघरातून शैलाताई ओरडल्या, आणि फोनच्या दोन्ही टोकांना एकदम हसू फुटलं.