बावीस पायऱ्या

दोन हमाल चाकांची खुर्ची उचलायला वाकले, तेव्हा शालूने ब्रेक ओढले.

“न्हाई, दादा. मला उचलू नका.”

हमाल तसेच वाकलेले राहिले. भोकरदनच्या त्या बियाण्यांच्या पेढीत असं कोणी आजवर म्हटलं नव्हतं. मुनीम रामप्रसाद तर चक्क दुखावले. बिचाऱ्यांनी सकाळपासून दोन धट्टेकट्टे हमाल तिच्यासाठी राखून ठेवले होते.

“ताई, बावीस पायऱ्या आहेत,” ते म्हणाले. “ही पोरं दिवसभर बियाण्याची पोती वर नेतात. तुमचं वजन ते काय.”

शालूने दाराकडे पाहिलं. दारातल्या बाकावर नंदाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. नंदाबाई म्हणजे तिच्या गुरूच. पोलिओने गेलेला पाय आणि एक कुबडी घेऊन त्यांनी तहसील कचेरीत तीस वर्षं नोकरी केली होती. निवृत्तीनंतर त्या अपंग पोरापोरींना तयार करत आणि नोकरीच्या दारापर्यंत आणून सोडत. दारापर्यंतच. तिथून पुढे एक शब्द बोलत नसत. आताही त्यांचं सगळं लक्ष शेंगांवर होतं.

शालूची ही आठवी मुलाखत. कृषी पदविका पहिल्या वर्गात, शेतकऱ्यांशी बोलायची दांडगी हौस, आणि तरी सात ठिकाणी नकार. सातही ठिकाणी ऑफिस माडीवर होतं आणि सातही ठिकाणी चांगल्या मनाच्या माणसांनी तिला उचलून वर नेलं होतं. वर गेल्यावर ओढणी सावरता सावरता ती सगळी उत्तरं विसरून जाई, आणि समोरचे म्हणत, पोरगी गुणी आहे हो. ही नोकरीही गेली, तर भावाने घरी शिलाई मशीन आणून ठेवलंच होतं. शालूला शिवणकामाचा मनापासून कंटाळा होता.

येताना जीपमध्ये नंदाबाईंनी एवढंच सांगितलं होतं, “उचलून आणलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत न्हाई, पोरी. पाणी विचारतात.”

“मुलाखत खाली घ्या,” शालू मुनीमजींना म्हणाली. आवाज कापला, पण निघाला. “मी थांबते.”

मुनीमजींनी कपाळाला हात लावला. पेढीची एक रीत होती. चाळीस वर्षांत इथे लागलेला प्रत्येक माणूस, अगदी झाडलोट करणारासुद्धा, माडीवर गोपीकिशन शेठच्या गादीसमोर बसला होता आणि त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर देऊन मगच कामाला लागला होता. शेठ कोणासाठी खाली येत नसत. दुकान उघडं असताना ते खाली कोणाला दिसतच नसत.

“हातची नोकरी घालवून राह्यल्या तुम्ही, ताई,” मुनीमजी म्हणाले खरे, पण निरोप घेऊन वर गेले.

अर्धा तास झाला. वरून काहीच हालचाल नाही. शालूने मनातल्या मनात मशीनला तेलसुद्धा घातलं. आपण फार ताणलं, असं तिला वाटू लागलं. नंदाबाईंचा तिला रागही आला. त्यांना काय, त्यांची पेन्शन चालू होती.

मग मुनीमजी धावतच खाली आले. त्यांनी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. जिन्यावर धापा ऐकू आल्या. चार हमाल एक लाकडी खुर्ची पायरी पायरीने उतरवत होते. खुर्चीत, उपरण्याने कमरेशी बांधलेले, डोळे गच्च मिटून बसलेले गोपीकिशन शेठ होते. त्यांचे गुडघे जाऊन तीन वर्षं झाली होती. रोज दुकान उघडण्याआधी आणि बंद झाल्यावर ही वरात निघे, आणि बाजाराला पत्ता नसे.

खुर्ची टेकली. “शेठजी, पाणी देऊ?” एका हमालाने विचारलं. शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मागे सरला.

उपरण्याची गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. शालूने नजर वळवली नाही आणि मदतीला हातही पुढे केला नाही. ती थांबली.

“हां,” शेठ म्हणाले. “समज, एका शेतकऱ्याचा फोन आला. कपाशी लावून आठ दिवस झाले, उगवली न्हाई. बियाणं खोटं दिलं, म्हणतो. काय सांगशील?”

“आधी विचारीन, जमीन कोणती अन् किती खोल लावलं. मंग म्हणीन, दादा, पाच बिया उकरून पाहा. कुजल्या असतील तर पाणी जास्त झालं. जशाच्या तशा कोरड्या असतील तर ओल कमी पडली, पाणी द्या, अजून उगवतील.” आता तिचा आवाज कापत नव्हता. “अन् बियाणं बराबर आहे का न्हाई, ते मी पाहिल्याबिगर सांगणार न्हाई.”

“पेढी आपली, बियाणं आपलं. तरी न्हाई?”

“तरी न्हाई. मंगच तो पुढच्या साली आपल्याकडं येईल.”

शेठ मनमोकळं हसले. बाकावर शेंगा फोडल्याचा आवाज थांबला होता.

“सोमवारपासून ये,” ते म्हणाले.

शालूचा आनंद पोटात मावेना. मोठ्याने ओरडावं असं तिला वाटलं, पण तिने विचारलं कामाचंच. “माझं टेबल कुठं राहील, शेठजी?”

“इथंच. खाली.”

शेठनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं. मग मुनीमजींना म्हणाले, “शटर उघडा. अन् हिच्या टेबलाशेजारी माझी गादी टाका.”