बू याओ

कापसाच्या तेजीत अकोल्याला आलेल्या एका गोऱ्या साहेबाने पेकिंगहून आपला खानसामा सोबत आणला होता. त्याचं नाव वांग. ते ऐकून बंगल्यावर भाजी घेऊन येणारी तरणी विधवा शकुन माळीण इतकी हसली, की टोपलीतली वांगी अंगणभर घरंगळली. ती गोळा करता करता दोघांची गट्टी जमली. मग ती त्याला वऱ्हाडी शिकवू लागली आणि तो तिला चिनी.

एका सकाळी वांगने धीर करून विचारलं, "शकुन, माह्यासंग पाट लावशीन काय?"

शकुनने पदर सावरला आणि चिनीत ठणकावून सांगितलं, "बू याओ!" म्हणजे नको.

व्हरांड्यात बसलेल्या साहेबाला चिनी कळत होतं. त्याला वांगची कीव आली. "वांग, ना मतलब ना. अंदर चलो."

वांग मात्र गालातल्या गालात हसत तिथेच उभा राहिला, आणि शकुन साहेबावरच उखडली.

"सायेब, तुमी काहून मधात बोलून राहिले? यायच्या मुलखात चांगल्या घरची बाई पह्यल्या बारीले नकोच म्हनते. यायले आनखी एकदा इचारू द्या, मले हो म्हनाचं हाये!"