सगळ्यात सावकाश मशीन

“याला पातं असतं का?” बहिणीने विचारलं.

दादाने कपाळाला हात लावला. लेझर कटर घ्यायला निघालेलं माणूस हे विचारतं म्हणजे सगळा दिवस गेलाच म्हणायचा. पण दुकानदारासमोर आवाज चढवायचा नाही असं त्याने घरूनच ठरवलं होतं.

“अगं, पातं नाही, सुरी नाही. प्रकाशाने कापतं ते. झाकण लावायचं, किल्ली फिरवायची, की चालू.”

“किल्ली काढून ठेवता येते?”

“येते की.”

“मग बरं.”

दादाचं पाट्यांचं दुकान होतं. दारावरची नावं, बक्षिसाच्या ढाली, असली कामं करण्यात निम्मी हयात गेली होती. पहिलं मशीन घेताना त्याने सपाटून मार खाल्ला होता, आणि तो दुसऱ्या कुणी खाऊ नये असं त्याला मनापासून वाटायचं. विचारा अगर न विचारा, सल्ला तयार. आधी काय बनवायचं ते ठरव, मग मशीन बघ, हे त्याने वाटेत चारदा सांगितलं होतं. ती दर वेळी नुसतं ‘हो’ म्हणाली.

हे सगळं भाच्यासाठी चाललंय हे उघड होतं. पंचविशीतला पोरगा. नोकरी गेली तसं त्याने अंथरूण धरलं. मध्ये पोट बिघडल्याचं निमित्त होऊन दवाखान्यात राहून आला, आणि आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. मेहुण्यांच्या माघारी बहिणीला तेवढा एकच. तो तिला पूर्वीसारखा परत हवा होता, बाकी कशाची तिला शुद्ध नव्हती. मशीन आलं की पोराचा हात चालेल आणि हात चालला की डोकं ताळ्यावर येईल, असा दादाचा हिशेब. ती स्वतः याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. पण आईला दुसरं काय हवं असणार?

दुकानदाराने आपलं लाडकं मशीन पुढे केलं. “हे न्या ताई. आत कॅमेरा आहे. काम लावा आणि खुशाल स्वयंपाकाला जा. फोनवर सगळं दिसतं.”

“कॅमेरा नको,” ती म्हणाली.

“बरोबर बोलतेय ती,” दादाला अचानक जोर चढला. “कॅमेरा असो नाहीतर आणखी काही, हे चालू असताना माणसाने जागचं हलायचं नाही. लाकूड आहे, कधी पेट घेईल नेम नाही. मी एकदा चहाला म्हणून उठलो आणि टेबल जाळून बसलो.”

“म्हणजे शेजारी बसावंच लागतं?”

“बसावंच लागतं.”

सकाळपासून पहिल्यांदाच तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. घाबरली बिचारी, दादाला वाटलं.

“यातलं सगळ्यात सावकाश कुठलं?” तिने दुकानदाराला विचारलं.

त्याने दादाकडे बघितलं. दादाने छताकडे. शेवटी दुकानदाराने कोपऱ्यातलं एक जुन्या ठेवणीचं मशीन पुसून आणलं. “हे आहे. पण खोटं कशाला बोलू, एवढंसं पान कोरायला तास खाईल.”

“हेच द्या.”

दादाने तिला बाजूला घेतलं. “अगं, अक्कल गहाण टाकलीस का? यावर पोरगा धंदा कधी करणार? म्हातारा होईल तो.”

“होऊ दे की,” ती म्हणाली. बोलणं इतकं सपाट होतं, की भांडावं तर कुठून, हेच दादाला कळेना.

धुराचा प्रश्न राहिला होता. मशीन हॉलमध्ये ठेव, तिथे मोठी खिडकी आहे, झोपायच्या खोलीत हे असू नये, असं त्याने परोपरीने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याच्याच खोलीत ठेवायचंय.”

“मग पाइप मी स्वतः बसवतो. आणि प्लॅस्टिक कापायचं नाही यावर. त्याचा वायू वाईट असतो.”

“प्लॅस्टिक घरात येणार नाही. किल्लीही माझ्याचकडे राहील.”

रविवारी दादा हत्यारं घेऊन गेला. भाच्याच्या दाराला आतून कडी नव्हती, नुसती स्क्रूची भोकं होती. “नवी आणलीयस का? लगेहात बसवून देतो.”

“राहू दे,” बहीण म्हणाली.

दादाने पाइप खिडकीबाहेर काढला, फटी बुजवल्या, दोनदा धूर करून पाहिला. मग भाच्याला हाक मारली. “ऊठ रे, बघ तरी. तुझ्यासाठीच आणलंय.”

“मला नको मामा. आईला शिकव,” तो भिंतीकडूनच म्हणाला.

बहीण शिकली. चटकन शिकली, याचं दादाला नवल वाटलं. तिने प्लायवुडचा तुकडा ठेवला, पानाची नक्षी लावली, किल्ली फिरवली आणि स्टूल ओढून बसली. धूर ओढणारा पंखा घरघरू लागला. मशीन मुंगीच्या पावलांनी निघालं.

बऱ्याच वेळाने भाचा कुशीवर वळला. “आई, तू इथेच बसणारेस?”

“सोडून उठता येत नाही रे. मामाला विचार.”

“खरंय बाबा. पेट घेतं,” दादा म्हणाला.

“मग बस,” म्हणून भाच्याने पांघरूण ओढून घेतलं.

दादाने हत्यारं पिशवीत भरली. जाता जाता वळून बघतो तर बहिणीचं मशीनकडे लक्षच नाही. त्याला राग आला, आणि तिची कीवही आली. तो तिच्याजवळ वाकला. पंख्याच्या घरघरीत त्यांचं बोलणं पलंगापर्यंत पोचणार नव्हतं.

“एवढं घसा फोडून सांगितलं ना तुला? नजर इकडे हवी. आणि पोरगा शिकणारच नसेल तर हे सगळं कशाला मांडून ठेवलंस?”

तिने पलंगावरची नजर हलवली नाही. “दादा, त्याने जीव द्यायला बघितलं होतं,” ती म्हणाली. “त्याला क्षणभरही एकटं सोडू नका, असं डॉक्टर म्हणालेत, आणि मी नुसती येऊन बसले की तो मला खोलीबाहेर काढतो.”