रविवारची घरं

दर रविवारी आम्ही दोघं विकाऊ घरं बघत फिरतो. घ्यायचं काहीच नसतं. दोघांच्याही नोकऱ्यांचा भरवसा नाही, लग्नाचा विषय तर घरी काढायचीही सोय नाही. पण फुकटात अर्धा तास कुणाची तरी बाल्कनी मिळते. मी जाणकारासारखा भिंतीवर टकटक करतो, ती कल्पनेतच घर लावते. "पलंग खिडकीपाशी. आणि ढापण्या, तुझं टेबल त्या कोपऱ्यात." या नावाने जगात ती एकटीच मला हाक मारते.

आज एका आजोबांनी दार उघडलं. पलंग खिडकीपाशीच होता, टेबल त्याच कोपऱ्यात. "बघ, म्हटलं नव्हतं?" म्हणत ती बाल्कनीत पळाली. आजोबा तिच्याकडेच बघत राहिले.

"घर का विकताय?" मी आमचा नेहमीचा प्रश्न विचारला.

"एकट्याला खायला उठतं हो."

तेवढ्यात बाल्कनीतून हाक आली, "ए ढापण्या, इकडे ये ना!"

मी वळायच्या आत आजोबा चष्मा सावरत खुर्चीतून उठले होते.

"आलो गं."